भिंतीने केलेला मुजरा

“होडी बोटभरसुद्धा रुंद करायची नाही, माशांचा खण तसूभरही लहान करायचा नाही, आणि तरीही कडेच्या वाटेवरून आम्ही सरळ, समोर तोंड करून चालत गेलो पाहिजे! खेकड्यासारखे तिरके नाही! जमत नसेल तर ही होडी फोडून तिच्या फळ्या आमच्या मुदपाकखान्यात जळणाला पाठव!”

शंखबंदरचे राजे रायभानजी एवढं बोलून पालखीत बसले आणि धाकू नाखवा आपल्या अर्धवट होडीपुढे मट्कन खाली बसला.

राजांचा राग समजण्यासारखा होता. शंखबंदरात नव्या होडीचा पहिला नारळ राजानेच, तोही होडीच्या अगदी पुढच्या टोकावर जाऊन वाढवायचा, अशी रीत होती. होडीच्या मधोमध सामान ठेवायची आणि रात्री झोपायची खोपटी, खोपटीखाली माशांचा खण आणि खोपटीच्या दोन्ही बाजूंना चिंचोळी वाट. गेल्या नारळी पौर्णिमेला दुसऱ्या एकाच्या होडीवर राजे त्या वाटेने निघाले आणि अर्ध्यातच धप्पकन समुद्रात पडले! नारळ हातात, पगडी लाटेवर आणि सगळं बंदर तोंडाला पदर लावून उभं. तेव्हापासून राजांनी मनात धरलं होतं. यंदा पाळी धाकूची आली.

धाकूने ही होडी घरापुढच्या वाळूत स्वतःच्या हातांनी बांधायला घेतली होती. लोकांच्या होड्यांवर राबून त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ही पहिली, त्याची स्वतःची.

“वाट रुंद करू तर खोपटी आत सरकवावी लागंल, मंग खण लहान होतो,” तो कपाळावर हात मारून म्हणाला. “खण ठेवू तर होडी रुंद होते, मंग ती खाडीच्या दगडी दरवाजातनं जात नाय. फोड पोरी फोड, आपणच फोडू!”

त्याची लेक चांगुणा मासळीची पाटी उतरवत होती. ती म्हणाली, “बाबा, जरा दम धरा ना! आधी मना एकदा राजांचं पाऊल बघू द्या.”

“पाऊल? डोकं बघ त्यांचं, कसं फिरलंय ते!”

पण चांगुणा ऐकते कुठली! दुसऱ्या दिवशी राजे किनाऱ्यावर फेरफटका मारायला आले, तशी ती थेट पुढे झाली. “महाराज, घडीभर ओल्या वाळूत उभे राहाल?”

कारभारी खेकसले, “ए पोरी! महाराजांना वाळूत उभं करतेस?”

“वाळूत नाय तर कुठं? पाण्यात तर ते गेल्या सालीच उभे राहून आले!”

कारभाऱ्यांचा चेहरा पडला. राजांनी मात्र मिशीवरून हात फिरवला आणि वाळूत पाय रोवले. चांगुणाने शेजारी आपलं पाऊल उमटवलं. दोन्ही ठसे रुंदीला जवळजवळ सारखेच! आणि तिचं पाऊल तर असल्या वाटेवरून रोज सरळ जायचं! ती नुसती हसली, मुजरा करून घरी पळाली आणि बापाला म्हणाली, “बाबा, रंधा काढा. वाट हाय तेवढीच ठेवायची!”

नारळी पौर्णिमा उजाडली. होडी पाण्यात डुलत होती. कारभाऱ्यांनी दोरी लावून होडी मापली, खण मापला. बोटभरही फरक नाही. मग वाट मापली आणि ते आनंदाने ओरडले, “महाराज, फसवणूक! वाटही तेवढीच आहे! कुऱ्हाड मागवू?”

“आधी चालून तर बघा!” होडीवरच उभी असलेली चांगुणा म्हणाली.

राजांनी भीत भीत पाऊल टाकलं. पाय घसरेना, कारण फळीवर ओली राळ फासून तिच्यावर वाळू भुरभुरली होती. बाहेरच्या काठाला उभी पट्टी ठोकली होती, त्यामुळे पाऊल बाहेर जाईना. खोपटीच्या वरच्या कडेला हाताला धरायला लांब दांडा होता. आणि खुद्द खोपटीची भिंत? ती बुडाशी होती तिथेच होती, पण वर जाता जाता आत कलली होती! राजांचा खांदा अडेना, पोट अडेना. समोर तोंड करून, ताठ मानेने ते टोकापर्यंत गेले आणि फट्कन नारळ वाढवला. किनाऱ्यावर एकच जल्लोष झाला!

कारभारी काही हार मानेनात. “पण खोपटी वरून अरुंद झाली!”

“होऊ दे की! महाराजांनी खोपटीचं नाव तरी घेतलं होतं का? आणि तिथं माणूस आडवा झोपतो, त्याला जागा खालीच लागते. तुमी उभ्यानं झोपता काय, कारभारी?”

राजे परत फिरले, पण आता त्यांची भुवई चढली होती. “थांब पोरी. पाऊल आमचं तुझ्याएवढंच. वाटही गेल्या वर्षीच्या होडीएवढीच. म्हणजे गेल्या वर्षी आम्ही पडलो ते आमच्या पोटामुळे, असं तुला म्हणायचंय?”

धाकूने डोळे मिटून घेतले. हो म्हणावं तर राजाचा अपमान, नाही म्हणावं तर धडधडीत खोटं! आता होडी तर जाणारच, वर लेकीचं काय होतंय कोण जाणे!

चांगुणा हात जोडून म्हणाली, “छे छे, महाराज! पोटाचा काय गुन्हा? गुन्हा भिंतीचा! राजे आले की सगलं बंदर कमरेत वाकतं, आणि ती एकटी मेली ताठ उभी, वर तुमालाच धक्का देते! मी फकस्त तिला मुजरा करायला शिकवलं.”

क्षणभर राजांनी त्या कललेल्या भिंतीकडे पाहिलं. मग त्यांचं पोट हललं, मग खांदे हलले, आणि ते असे गडगडून हसले की होडी डुलायला लागली. त्यांनी एका हाताने दांडा घट्ट धरला आणि दुसऱ्या हातातलं सोन्याचं कडं दातांनी ओढून काढून चांगुणाच्या ओंजळीत टाकलं.

“नाखवा, होडी तुझी! आणि डोलकाठीला आमच्या राखीव रानातला हवा तो साग तोडून ने!” हसता हसता डोळे पुसत ते चांगुणाकडे वळले. “आणि तू उद्या महालात ये. आमच्या जिन्याची भिंतसुद्धा फार माजली आहे!”