ठशाची माणसं आणि हौसाक्का सुईण

फार वर्षांपूर्वी, नदीला पूल नव्हता आणि माणसांना अक्कलही बेताचीच होती, तेव्हाची ही गोष्ट. खडकोलीच्या दोन वाड्या होत्या. वरची टेकडीवर, खडकाईच्या देवळाला लागून. खालची नदीकाठी, भोयांची. वरच्या वाडीतली माणसं स्वतःला ठशाची माणसं म्हणवायची. त्यांचं मूल जन्मलं की त्याच्या कमरेखाली निळसर डाग असायचा. हा खडकाईचा अंगठा, तिनं आम्हालाच निवडलंय, बाकीचे सगळे उपरे, असं ते सांगायचे. पोर चार-पाच वर्षांचं झालं की डाग पुसून जायचा. तर म्हणे, आईला मिरवलेलं आवडत नाही. घ्या, आता यावर काय बोलणार?

बोलू शकली असती ती एकच बाई, हौसाक्का सुईण. दोन्ही वाड्यांतली बाळंतपणं तिच्याच हातची. तिचा हात लागला की आडवं आलेलं मूलसुद्धा शहाण्यासारखं सरळ व्हायचं, असं म्हणतात. तिनं खालच्या बाळांच्याही पाठी पाहिल्या होत्या. तोच डाग, त्याच जागी. खालच्या बायका मात्र त्याला सटवाईची चापट म्हणायच्या आणि लाजून झाकायच्या. वरची माणसं विचारायची, "ठसा आहे ना, आक्का?" ती म्हणायची, "आहे." की लुगडं हातात पडायचं. खाली कुणी विचारायचंच नाही. आळीमिळी गुपचिळी, चाळीस वर्षं.

मग एका श्रावणात भरदुपारी नदी खालच्या वाडीत शिरली. माणसं पोरं काखोटीला मारून टेकडी चढली. वरच्यांची मातीची घरंही कोसळायला लागली होती, म्हणून ते आधीच दगडी देवळात शिरले होते. पाटील दौलताबा दारात आडवा उभा राहिला.

"बिनठशाची माणसं आत आली तर आई देऊळ सोडून जाईल," तो म्हणाला. "आमचाबी इलाज न्हाई."

खालच्या माणसांत बना भोईण होती. चार वर्षांपूर्वीच्या पुरात हेच दार बंद होतं आणि बनाची दोन लेकरं ह्याच पायऱ्यांवर गारठून मेली होती. आता तिच्या पदराखाली नऊ दिवसांचं बाळ होतं, आणि ते रडायचंही थांबलं होतं.

हौसाक्का आतच होती. पाटलाचा तीन दिवसांचा नातू तिच्या मांडीवर. ती उठली, नातवाला घेऊन थेट उंबऱ्यावर जाऊन बसली, बनाचं बाळ ओढून घेतलं आणि फडकी सोडून दोघांना मांडीवर उपडं घातलं.

"आबा, ह्यातला तुमचा कंचा, वळखा."

दौलताबा वाकला. दोन पाठी, दोन निळे डाग.

"काजळ लावलंयस तू," तो म्हणाला.

"मग पुसा की."

त्यानं अंगठ्यानं खसाखसा घासलं. बाळ कळवळलं, डाग तसाच. आणि घासलं ते त्याच्याच नातवाला, असं म्हणतात.

मग खालच्या बायकांनी आपापली तान्ही उघडी केली. सगळ्यांच्या पाठीवर तेच. वरच्यांनी तोंडात बोटं घातली. पण खालच्यांना बसलेला धक्काही काही कमी नव्हता. पिढ्यान् पिढ्या जे लपवलं, तोच हा ठसा?

"तुला ठावं व्हतं, आक्का?" बनानं विचारलं.

"व्हतं. मागल्या पुरातबी मी हितंच आत व्हते. तुझ्या त्या दोघांच्या पाठीवरबी हाच व्हता. मी गप बसले."

मग दौलताबा दारातून बाजूला झाला आणि त्यानं दुसरं कवाडही उघडलं. चाळीस माणसांचं ते देऊळ, त्या दिवशी त्यात साडेतीनशे माणसं मावली आणि वर पाय पसरायला जागा उरली, असं म्हणतात. आई कुठं गेली नाही.

बनानं जन्मभर हौसाक्काशी बोलणं टाकलं. पुढची तीन बाळंतपणं मात्र तिच्याच हातून केली.

आजही खडकोलीत बारशाच्या सकाळी हौसाक्काच्या नावानं बाळाला देवळाच्या उंबऱ्यावर उपडं घालतात. दुसऱ्या वाडीतली बाई पाठ बघते आणि डाग असो नसो, मोठ्यानं म्हणते, "आहे." मग रिकाम्या पायऱ्यांकडं तोंड करून ती तेच आणखी दोनदा म्हणते.