मालकीण घरात हवी

समुद्राकाठी कातळशेत नावाचं गाव, आणि त्या गावात धाकू नावाचा एक भोळा. भोळा म्हणजे किती? कुणी म्हटलं, "जरा थांब," की "आता चल" म्हणेपर्यंत हा तिथेच उभा. एकदा असाच वाण्याच्या दुकानापुढे उन्हात तापत राहिला होता. वाणी केव्हाच घरी जाऊन, जेवून झोपलासुद्धा होता.

धाकूला वाढवलं त्याच्या शेवंताआत्याने. आत्याचं चिऱ्याचं घर, मागे एक खोली. त्या खोलीत पुण्या-मुंबईचे पाहुणे उतरायचे. पाहुणे आले की द्रौपदी कोळीण ताजी मासळी आणायची, इब्राहिमची रिक्षा पळायची, शेजारणींची फणसपोळी खपायची. एका खोलीवर सगळ्या वाडीची चूल पेटायची म्हणा ना.

मग बाहेरच्या लोकांनी गावात बंगले बांधले. मालक मुंबईत, बंगला भाड्याने, आणि गाण्यांचा धिंगाणा गावाच्या कानात. ग्रामपंचायत वैतागली. तिने नियम केला, की मालक जिथे स्वतः राहतो त्याच घरात पाहुणे ठेवायचे. सरपंच पाहणी करतील, मग परवानगी. परवानगी नसेल तर खोली बंद.

आणि नेमकी तेव्हाच आत्याची लेक चिपळूणला बाळंत झाली. आत्याने पिशवी भरली नि धाकूला समोर बसवलं.

"मी येईपर्यंत मालक तू. मालक पाहुण्यांबरोबर राहायला हवा, नाहीतर आपली खोली जाते. कळलं?"

"कळलं, आत्या."

दुसऱ्या दिवशी एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं. जेवलं, आणि दुपारी खोलीत जाऊन जरा आडवं झालं. धाकू उशी घेऊन आत गेला. "सरका जरा," म्हणाला, आणि दोघांच्या मधे झोपला.

"हे काय चाललंय?" नवरा ओरडला.

"नियम आहे," धाकू म्हणाला आणि घोरायला लागला.

जोडपं चारच्या एसटीने गेलं. आत्याला फोनवर कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, पाहुण्यांना खोलीत एकटं सोडायचं. दार ओढून घ्यायचं नि आपण लांब जायचं. कळलं?"

"कळलं, आत्या."

पुढचे पाहुणे म्हणजे एक थोराड प्रोफेसर आणि त्यांची बायको. प्रवासाने दमलेले, भुकेलेले. ते खोलीत शिरले मात्र, धाकूने दार ओढलं, बाहेरून कडी घातली आणि लांब गेला. चांगला लांब. थेट धक्क्यावर जाऊन होड्या बघत बसला. इकडे प्रोफेसर खिडकीच्या गजांना धरून भाकरी मागत होते. शेवटी इब्राहिमने कडी काढली, आणि त्यांना त्याच पावली रिक्षात घालून स्टँडवर सोडलं.

"अरे शिंच्या," आत्या फोनवर म्हणाली, "कुणी हाक मारली की धावत जायचं. मागतील ते हातात द्यायचं. नाही म्हणायचं नाही. कळलं?"

"कळलं, आत्या."

त्यानंतर दारात हाक आली ती भंगारवाल्याची. धाकू धावत गेला.

"काय भाचेबुवा, मामाला ओळखलं नाही?" भंगारवाला म्हणाला. "जुनं-पुराणं काही द्या की."

"काय देऊ, मामा?"

"ती खाट?"

"घ्या."

"पंखा? पाण्याचा पंप?"

धाकूने पंप स्वतः सोडवून दिला. वर गाडीला मागून धक्काही दिला, मामा म्हातारा म्हणून. बरं तर बरं, नाक्यावर द्रौपदीने आत्याची खाट ओळखली, मासळीची पाटी खाली ठेवली आणि मामाची अशी काही खरडपट्टी काढली की तो गाडी तिथेच टाकून पळाला.

आत्याला आता रडू यायला लागलं. वीस वर्षं राबून उभी केलेली खोली, आणि उद्या सरपंचांची पाहणी. "मी उद्या दुपारपर्यंत येतेच आहे," ती फोनवर म्हणाली. "तोवर सरपंचांना नीट बसव. आणि दुसरं कुणी आलं तर दारातच थांबव. नाव विचार, गाव विचार, ओळखपत्र बघ. नातं सांगितलं तरी भुलू नकोस. कळलं?"

"कळलं, आत्या."

सरपंच आले. धाकूने त्यांना ओटीवर बसवलं, सरबत दिलं. सगळं अगदी शहाण्यासारखं. खोली बघून सरपंच खूश झाले. "घर शेवंताबाईंचं. त्या इथे राहतात एवढं दिसलं की मी सही करतो."

तेवढ्यात फाटकाशी आत्या आली. घामाघूम, हातात पिशवी. धाकू फाटकात आडवा उभा राहिला.

"नाव?"

"अरे, मी आत्या."

"गाव?"

"धाकू, बाजूला हो."

"ओळखपत्र?"

ते नेमकं चिपळूणला राहिलेलं. "अरे गाढवा, मी तुझी सख्खी आत्या."

"मामाही असंच म्हणत होता," धाकू म्हणाला आणि फाटक लावून घेतलं.

सरपंच हसता हसता ओटीवरून घसरायचे बाकी राहिले. त्यांनी स्वतः फाटक उघडलं. "बाई, अशी हक्काची शिवी घरचं माणूसच देतं. तुम्हीच मालकीण." आणि त्यांनी परवानगीवर सही ठोकली. आत्याने डोळे पुसले. जाताना सरपंच धाकूला म्हणाले, "आता एकच सांभाळ. आम्ही कधीही तपासायला येऊ. मालकीण घरात दिसली पाहिजे. नाही दिसली, तर परवानगी रद्द. कळलं?"

"कळलं, सरपंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईहून मोठी गाडी आली. महिनाभर राहायला आलेलं अख्खं कुटुंब. द्रौपदी सुरमई घेऊन हजर, इब्राहिम रिक्षा पुसून तयार, शेजारणी फणसपोळ्या घेऊन कुंपणाशी. पाहुणे हसत अंगणात उतरले. आणि मागच्या खोलीच्या गजांतून एक म्हातारी केस पिंजारून ओरडली, "मला बाहेर काढा."

पाहुण्यांच्या हातातल्या बॅगा गळून पडल्या. "कोण आहे ती?"

"घाबरू नका," धाकू प्रेमाने म्हणाला. "ती मालकीण. विहिरीवर निघाली होती, मी वेळेवर पकडली. सोडली तर परवानगी जाते."

गाडी अशी वळली की कुंपणाचा कोपराच घेऊन गेली. अंगणात धुरळा तेवढा राहिला.

"धाकू," खिडकीतून आत्याचा बारीक आवाज आला, "पाहुणे कुठे रे?"

"गेले, आत्या," धाकू म्हणाला. "पण परवानगी आहे."