सोन्याचे जोडे आणि अधांतरी वाट

एका राज्यात डोंगर जिथे संपत, तिथे जमीनही संपे. पुढे होती दरी. तिचा तळ कुणी पाहिला नव्हता. वर पांढरे धुके, खाली काळे धुके, आणि त्या धुक्यातून कधी कधी कुणी श्वास घ्यावा तसा आवाज येई. लोक दरीकडे पाठ करून घरे बांधत.

त्या राज्यावर धवलकेतू नावाचा तरुण राजा राज्य करी. आईवडील लवकर गेले, म्हणून थोरल्या बहिणीने, पद्मरेखेने, त्याला लहानाचा मोठा केला. राजा शूर होता, मायाळूही होता. पण बंद दार त्याला पाहवत नसे. दरीच्या काठी कुहकनाथ नावाच्या मायाव्याची गुहा होती. तिला दार होते. राजाने ते उघडले.

आत दोनच वस्तू होत्या. एक सोन्याचे जोडे, दुसरी गोटीएवढ्या खड्यांची रास. राजाने जोडे पायात घातले आणि ते निघेनात. तोच भिंतीतून कुहकनाथ बाहेर आला.

"न विचारता घातलेस, राजा. आता ओढून निघायचे नाहीत," तो म्हणाला. "या जोड्यांना खेळ हवा. हे खडे हवेत सोडले की त्यांच्या शिळा होतात आणि अधांतरी राहतात. कानात सांगावे तशा वागतात. कुणीतरी तुझ्यासाठी दरीवर वाट बांधावी आणि तू ती उड्या मारत ओलांडावी. पाय तृप्त झाले तर जोडे आपोआप गळतील. तू कंटाळलास किंवा चिडलास, तर बांधणारा दगड होईल."

"आणि कुणी बांधलीच नाही तर?"

"मग जोडे तुला गावात नेतील. ज्याच्यावर नजर पडेल, तो दगड होईल."

"मी दरीत पडलो तर?"

"जोडे तुला मरू देणार नाहीत. शेवटचा विसावा जिथे घेतलास, तिथे परत आणून ठेवतील." एवढे बोलून मायावी भिंतीत शिरला.

राजाने दवंडी पिटवली. राज्यातले नामांकित स्थपती आले, देवळांचे कळस चढवणारे आले, दोरीवर नाचणारे डोंबारी आले. एकेकाने वाट बांधली. राजा एकेका वाटेवर गेला, आणि दर वेळी त्याच्या पायांतून निळा, थंड उजेड निघाला. नदीवरचा बर्फ तडकावा तसा आवाज होई, आणि काठावर आणखी एक दगडी माणूस उभा राही. कुणाचे हात जोडलेले, कुणाचे तोंड उघडे. शेवटी कुणी येईना. गावाने खिडक्या चिंध्यांनी बुजवल्या. राजाचे पाय महालाच्या पायऱ्यांवर आपणहून गावाकडे वळू लागले.

तेव्हा प्रधान पद्मरेखेकडे आला. त्याचा मुलगा काठावर दगड होऊन उभा होता.

"बाईसाहेब, राजांना गुहेत चिणावे लागेल," तो म्हणाला. "मला दुसरा मार्ग दिसत नाही."

"ते तिथे जगतील?"

प्रधानाने मान खाली घातली.

"वाट मी बांधते," पद्मरेखा म्हणाली.

ती काठावर आली. तिथे एक टिटवी आपल्या अंड्यांवर बसली होती. निळा उजेड अंड्यांवर पडला होता आणि अंडी दगडाची झाली होती. तरी टिटवी त्यांना ऊब देत होती.

"जाऊ नकोस," टिटवी म्हणाली.

"माझा भाऊ आहे."

"मग मीही येते," टिटवी म्हणाली.

पद्मरेखेने पहिली वाट बांधली. भावाचा पाय मुरगळू नये, त्याला धुक्यात पाहावे लागू नये, म्हणून तिने रुंद रुंद शिळा जवळजवळ ठेवल्या आणि प्रत्येकीच्या कानात सांगितले, "हलू नकोस." राजा निघाला. एक उडी, दुसरी उडी, सगळ्या सारख्याच. मध्यावर येईपर्यंत त्याची पावले जड झाली. पैलतीर गाठून तो परत आला आणि हसायचा प्रयत्न करू लागला.

"छान आहे, अक्का. फार छान आहे."

पण जोड्यांना खोटे चालत नसे. निळा उजेड निघाला. पद्मरेखेने खाली पाहिले, तर गुडघ्यापर्यंत तिचे पाय दगडाचे झाले होते.

"अक्का!" राजा किंचाळला. "मी हसलो होतो ना! खरंच हसलो होतो!"

"पुढची उडी कशी असेल, ते आधीच कळत होतं?" तिने विचारले.

राजा रडत म्हणाला, "हो."

मायावी गुहेच्या भिंतीतून डोके काढून म्हणाला, "राजाची बहीण आहेस, म्हणून तुला तीन वाटा दिल्या. एक सरली." आणि पुन्हा भिंत झाला.

पद्मरेखा घाबरली होती. त्या भीतीतच तिने दुसरी वाट बांधली. या जोड्यांना आता सोपे काही द्यायचे नाही, एवढेच तिच्या डोक्यात होते. काठावरूनच खडे फेकत तिने शिळा धुक्यात लपवल्या. एकीला सांगितले, "पाय पडताच नाहीशी हो." दुसरीला सांगितले, "तो पुढे पाहत असताना मागून आग ओक." जी शिळा डोळ्याला भक्कम दिसे, ती पोकळ होती.

राजा निघाला आणि पडला. दरीने त्याला गिळले, जोड्यांनी परत आणले. तो पुन्हा निघाला, पुन्हा पडला. पडताना दर वेळी त्याची किंकाळी धुक्यात बुडे, आणि काठावर पद्मरेखेचा श्वास थांबे. शेवटी तो पहिल्या शिळेवर उभा राहिला. अंगाला आगीचे चटके, डोळे लाल.

"पडल्याचं मला काही वाटत नाही," तो ओरडला. "पण का पडलो ते तरी कळू दे! मी काय चुकलो?"

आणि निळा उजेड आला. या खेपेस तो तिच्या गळ्यापर्यंत चढला. हात दगड झाले, छाती दगड झाली. आत हृदय तेवढे चालत होते, आणि प्रत्येक ठोका दगडावर आपटत होता. राजा तिच्या पायांशी कोसळला. तो तिच्या दगडी बोटांना हात लावी आणि चटका बसल्यासारखा मागे घेई.

"आता बांधू नकोस," तो म्हणाला. "मी प्रधानांना सांगतो. त्यांना मला चिणू दे."

"जरा गप्प बस," पद्मरेखा म्हणाली. "मला विचार करू दे."

ती विचार करू लागली. पहिली वाट तिने भावासाठी भिऊन बांधली होती, दुसरी जोड्यांना भिऊन. त्या शिळेवर उभे राहून त्याच्या डोळ्यांना काय दिसेल, त्याच्या पायांना काय हवेसे वाटेल, हे तिने एकदाही पाहिले नव्हते. भीती तर आताही होती. ती जाणार नव्हतीच. पण तिने डोळे मिटले आणि ती मनाने भावाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"टिटवे, एक खडा माझ्या ओठांशी आण."

टिटवीने चोचीत खडा आणला. पद्मरेखा त्याच्या कानात कुजबुजली. टिटवीने तो दरीवर नेऊन सोडला, तिथे शिळा झाली. असे एकामागून एक. वाट पुरी होईपर्यंत टिटवीच्या पंखांतून रक्त आले, आणि दगड हळूहळू चढत पद्मरेखेच्या हनुवटीपर्यंत आला.

राजा वाटेशी आला. मायावी या वेळी भिंतीतून पुरता बाहेर येऊन काठावर बसला.

पहिल्या शिळा जवळ होत्या. मग एक शिळा आली, ती पाय पडताच गुणगुणू लागली, थरथरली, आणि मग विरली. पण तिच्या खालीच दुसरी रुंद शिळा होती, म्हणून राजा तिच्यावर अलगद उतरला. तो थबकला. "गुणगुणली की निघायचं," तो स्वतःशीच म्हणाला. पुढची गुणगुणणारी शिळा उघड्या दरीवर होती. तिच्यावर तो थांबलाच नाही.

मग हिरव्या पानासारखी एक शिळा आली. तिच्यावर पाय देताच त्या पानाने त्याला आभाळात उडवले. वरून त्याला सगळी दरी दिसली, काठावरची दगडी माणसे दिसली, आणि पुढची वाटही दिसली. मग शिळा वरखाली होऊ लागल्या, चौघडा वाजावा तशा एका ठेक्यात. ठेका चुकला आणि राजा पडला.

काठावर दरीचा श्वास ऐकू आला. पद्मरेखेने निळ्या उजेडाची वाट पाहिली.

जोड्यांनी राजाला परत आणले, पण अगदी आरंभी नव्हे. मध्ये तिने एक ऐसपैस शिळा ठेवली होती. तिथे तो विसावला होता, तिथेच परत आला. तो उठला, त्याने ओठ चावला.

"घाई केली मी," तो म्हणाला. "चूक माझीच. पुन्हा."

तो पुन्हा पडला. पुन्हा उठला. एका बाजूला, वाटेपासून जराशी दूर, एका एकट्या शिळेवर टिटवीने ठेवलेले सोनचाफ्याचे फूल होते. तिकडे जायलाच हवे असे नव्हते. राजाने तिकडे पाहिले, अंतर जोखले, आणि झेप घेतली. फूल हाती आले. परत वळताना त्याची बोटे शिळेच्या कडेवरून निसटली, तो लोंबकळला, कसाबसा वर आला. आणि तो हसला. कुणाला दाखवायला नव्हे. पोटातून, मोठ्याने हसला. काठावर बसलेल्या कुहकनाथाचा पाय नकळत ठेका धरू लागला होता.

त्याच क्षणी सोन्याचे जोडे राजाच्या पायांतून गळले. ते धुक्यात पडले आणि दरीने ते गिळले.

काठावर तडतड आवाज झाला. दगड उकलले. स्थपती खोकले, डोंबाऱ्यांनी हात झटकले, प्रधान मुलाच्या गळ्यात पडला. पद्मरेखेच्या हातापायांत ऊब आली. तिने एक पाऊल टाकले आणि ती तिथेच थिजली.

राजा दरीच्या मधोमध होता. अनवाणी. आता पडला तर परत आणणारे कुणी नव्हते. आणि शाप सुटल्याबरोबर मागच्या शिळा एकेक करून खडे होऊन खाली गळू लागल्या होत्या.

"अक्का!" त्याचा आवाज लहान मुलासारखा आला. "माझे पाय कापताहेत!"

पद्मरेखेला वाटले, ओरडावे, परत ये. पण परत यायला मागे काही उरले नव्हते.

"कापू देत," ती ओरडली. "पुढे नवीन काही नाही, केतू! जे शिकलास तेच आहे सगळं! गुणगुण ऐक आणि ठेका धर!"

राजाने श्वास घेतला. त्याच्या मागची शिळा गळाली. तो उडाला. गुणगुणणारी शिळा, लगेच पुढची. वरखाली होणारी, तिचा ठेका, मग पान. पानाने त्याला उंच फेकले आणि क्षणभर तो धुक्यात दिसेनासा झाला. काठावर कुणी हलले नाही. टिटवीही ओरडली नाही.

मग पैलतीरावरून, दमलेला पण धड, राजाचा आवाज आला. "आलो!"

पद्मरेखा मटकन खाली बसली आणि रडू लागली. कुहकनाथ उठला. त्याने दरीकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले.

"वाटेवर पुढे काय आहे, ते पाहावेसे मलाही वाटले होते," तो म्हणाला. मग तो गुहेत गेला आणि त्याने दार आतून लावून घेतले. राजाने ते पुन्हा कधी उघडले नाही.

वळसा घालून राजा परत आला. टिटवीची अंडी फुटली, पिले काठावर धावली. लोकांनी खिडक्यांतल्या चिंध्या काढल्या. राजाने सोनचाफ्याचे फूल बहिणीच्या हातात दिले, आणि राज्यकारभार पूर्ववत सुरू झाला.

त्यांची वाट सरली, आपली कथाही सरली. ऐकणाऱ्यांना पैलतीर लाभो.