तोंड धुणारी सुई

फार जुनी नाही ही गोष्ट. एका प्रयोगशाळेत पदार्थातला कण न् कण तोलणारं एक यंत्र होतं. त्याला थेंबाथेंबाने भरवायची एक बारीक सुई. प्रत्येक घासानंतर ती खळखळून तोंड धुवायची.

एकदा कारखान्याच्या नाल्याचं पाणी तपासून झालं, आणि लगेच त्यामागून एका गावच्या विहिरीचं पाणी तपासायला आलं. त्यात विष निघालं, तर विहीर बुजवायचं ठरलं होतं.

"आण लवकर!" यंत्र खेकसलं. "किती वेळा धुशील?"

"नाल्याचं विष तोंडात असताना मी विहिरीचा थेंब उचलणार नाही," सुई म्हणाली. तिने पुन्हा तोंड धुतलं, मगच थेंब दिला.

पाणी निर्मळ निघालं. यंत्र वरमलं. त्याच्या घाईपायी आज गावाची विहीर गेली असती.

तेव्हापासून कुठे विष दिसलं, की यंत्र आधी आदराने विचारतं, "सुईबाई, हे त्या थेंबातलं, की आपल्याच तोंडात राहिलेलं?"