सरसाचा जाड हात

फार पूर्वी, पाण्यासाठी माणसं एकमेकांच्या जिवावर उठत त्या काळी, वरवाडी नावाच्या गावात एक जोडपं राहत होतं. नवरा कान्हू कातारी. लाकूड फिरवून तो त्याच्या सुबक लेखण्या कातायचा. बायको भिवरा त्या लेखण्यांना सरसाचा लेप द्यायची.

लेखणी काय, कोणीही करील. ती टिकवायची कशी, हे भिवराला ठाऊक होतं. नुसतं लाकूड शाई पितं, हाताचा घाम पितं, फुगतं आणि एक दिवस चिरतं. म्हणून कातडं उकळून केलेला सरस ती कोमट करायची, चिंधीने त्याचा पातळ हात लेखणीवर फिरवायची आणि वरून हिरड्याचं पाणी पुसायची. हिरड्याने सरस घट्ट धरतो, मग पाण्यालाही दाद देत नाही. लेखणी सावलीत टांगायची, पूर्ण वाळली की खरवताच्या खरखरीत पानाने घासायची आणि पुन्हा एक पातळ हात द्यायचा. असे हातावर हात चढत. आधीचा वाळल्याशिवाय पुढचा नाही, एवढा एकच तिचा नियम. तिच्या हातची लेखणी बापाकडून लेकाकडे जाई, तरी लेपाचा टवका उडत नसे.

वरवाडीच्या खालच्या अंगाला तळवाडी. दोन्ही गावांची शेतं एकाच पाटावर. एका कडक उन्हाळ्यात वरवाडीकरांनी शिसवीचा भलामोठा ओंडका आडवा टाकून पाट अडवला. तळवाडीकर कुऱ्हाडी घेऊन धावून आले. तळवाडीचा एक तरुण शेतकरी पाटातच कोसळला, तो उठलाच नाही. वरवाडीच्या एका गड्याचा उजवा हात कोपरापासून गेला. त्या दिवसापासून दोन गावांमधली वाट ओस पडली. लेकींना माहेर तुटलं. रात्री पाटावर दोन्हीकडून पहारे बसू लागले.

शेवटी नदीकाठच्या जाखमातेच्या देवळातला म्हातारा गुरव मध्ये पडला. तो ना या गावचा, ना त्या. त्याने दोन्ही पाटलांच्या दारी खेटे घातले, हातापाया पडला आणि पाण्याच्या पाळ्यांचा करार करायला त्यांना राजी केलं. म्हणाला, "ज्या ओंडक्याने भांडण लावलं, त्याच्याच दोन लेखण्या करा. एकेक दोघांनी घ्या. करारावर आपापल्या नांगराची निशाणी काढा. देवीसमोर काढलेली निशाणी कोणी मोडायचं नाही."

पेरणीच्या आधीचा मुहूर्त ठरला. काम कान्हू आणि भिवराकडे आलं.

ओंडक्याचा सुकवलेला भाग घेऊन दोन लेखण्या कातून झाल्या. भिवराने हातावर हात चढवले. पहिली लेखणी तिच्या मनासारखी उतरली. दुसरीच्या मात्र पोटात गाठ होती. मुहूर्त तोंडावर आला असताना ती गाठीपाशी उभी चिरली.

कान्हूने ओंडक्याचा उरलेला तुकडा काढून घाईघाईने तिसरी लेखणी कातली. भिवराने ती हातात घेतली, गालाला लावली. गार लागली.

"अहो, हे आतून ओलं आहे," ती म्हणाली. "पाटात पडून होतं ना. हे आधी सुकायला पाहिजे."

"सुकवायला वेळ कुठे आहे? उद्या दुपारी निशाण्या व्हायच्या आहेत."

"मग पाटलांना जाऊन सांगू, मुहूर्त पुढे ढकला."

कान्हू खाली बसला. "काय सांगू? एका लेखणीपायी करार थांबवा म्हणून? पाटावर माणसं कुऱ्हाडी उशाशी घेऊन झोपतात, भिवरा. मुहूर्त हुकला आणि कोणाचं डोकं फिरलं, तर दोष आपल्यावर येईल. एक जाड हात दे आणि चुलीच्या धगीला धर. दिसायला तर चांगली दिसेल."

तसा हात तिने जन्मात दिला नव्हता. पण नवऱ्याचं बोलणं खोटं नव्हतं, आणि काम वेळेत झालं नाही हे चारचौघांत सांगण्याची लाजही होती. तिने सरस दाट केला, एकाच खेपेला जाड थर चढवला, वरून हिरड्याचं पाणी फिरवलं आणि लेखणी धगीसमोर धरून फिरवत राहिली. वर साय धरली. लेखणी अशी चमकू लागली की पहिली तिच्यापुढे फिकी वाटली. भिवराला ती चमक बघवेना. तिने ती पटकन डबीत टाकली. पहिलीही त्याच डबीत घालून डबी गुरवाच्या स्वाधीन केली.

दुसऱ्या दिवशी देवळासमोरच्या माळावर दोन्ही गावं लोटली. एका बाजूला वरवाडी, दुसऱ्या बाजूला तळवाडी, मधे मोकळी जागा. शस्त्रं आणायची नाहीत असं ठरलं होतं, तरी कितीकांच्या घोंगड्या काखेत जरा जास्तच ताठ दिसत होत्या. ऊन रणरणत होतं. भिवरा बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिचं लक्ष ना देवीकडे होतं, ना पाटलांकडे. ती फक्त डबीकडे पाहत होती.

गुरवाने डबी उघडली. लेखण्या वरवाडीत झाल्या होत्या, म्हणून निवडीचा पहिला मान तळवाडीच्या पाटलांना. त्यांनी आधी हात घातला. त्यांनी चमकणारी लेखणी उचलली.

तीच, ओल्या लाकडाची.

मग कराराचं वाचन सुरू झालं. कोणत्या शेताला कधी पाणी, पाटाची डागडुजी कोणी करायची, सारं मोठ्याने वाचलं जात होतं. तळवाडीचे पाटील लेखणी मुठीत घट्ट धरून ऐकत होते. तळहाताला घाम, वरून ऊन, आत ओल. वाचन संपलं. पाटील कागदावर वाकले, लेखणी नीट धरायला त्यांनी मूठ उघडली, तर लेखणी तळव्यालाच चिकटलेली. ओढली तशी तपकिरी चिकट तार निघाली. सगळा हात बरबटला.

पाटलांचा चेहरा पांढराफटक पडला. ते हळू आवाजात म्हणाले, "काय फासलंय याला?"

मागून कोणीतरी म्हणालं, "विष."

तो एक शब्द माळावरून वणव्यासारखा गेला. घोंगड्या खाली पडल्या, कुऱ्हाडी वर आल्या. बायकांनी पोरं मागे ओढली. वरवाडीचे पाटील दोन्ही हात वर करून पुढे आले. "देवीची आण, आमच्या मनात असलं काही नाही. लेखण्या आमच्या गावात झाल्या खऱ्या, पण कालपासून डबी आमच्याकडे नव्हतीच."

"मग कोणाकडे होती?"

सगळ्यांच्या नजरा गुरवाकडे वळल्या.

म्हातारा डबीचं झाकण हातात धरून उभा होता. वरवाडीचा एक गडी म्हणाला, "यानेच केलं असणार. दोन गावं भांडत राहिली तर दोन्हीकडचा नैवेद्य याच्याच ताटात."

तळवाडीकडूनही कोणी मान डोलावली. आणि मग एक विचित्र गोष्ट घडली. वर उचललेल्या कुऱ्हाडी थोड्या खाली आल्या. दोष या गावाचा नाही, त्या गावाचा नाही, तिसऱ्याचा आहे, हे दोन्हीकडच्यांना सोयीचं वाटू लागलं. दोन्ही पाटलांनी एकमेकांकडे पाहिलं. तळवाडीचे पाटील म्हणाले, "याला बांधा. दुसऱ्या लेखणीने निशाण्या काढू. याचं काय करायचं ते मागाहून दोन्ही गावं मिळून ठरवू."

दोन्हीकडचे गडी एकत्र पुढे झाले. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच ते खांद्याला खांदा लावून चालत होते, म्हाताऱ्याचे हात बांधायला.

कान्हूने गर्दीतून भिवराकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. गप्प राहा.

भिवराला सगळं लख्ख दिसत होतं. गप्प राहिलं तर करार होईल. पाणी सुटेल. आपलं नाव राहील. जाईल तो एक म्हातारा, ज्याला रडायलाही मागे कोणी नाही. पण ज्याने उंबरे झिजवून ही दोन गावं एका माळावर आणली, त्याच्याच मनगटाला दोर लागत होता. तिला आपलेच हात आठवले, धगीसमोर लेखणी फिरवणारे. पुन्हा तेच होतंय, तिच्या मनात आलं. आत ओल, आणि वरून जाड हात.

ती घोळक्यातून बाहेर आली. मधली मोकळी जागा ओलांडून ती पाटलांसमोर गेली.

"त्यांना सोडा," ती म्हणाली. "हे विष नाही, सरस आहे. मी लावलेला."

तिने तळवाडीच्या पाटलांच्या हातातून लेखणी घेतली, तिच्यावरचा चिकट थर बोटाने निपटला आणि सगळ्यांदेखत चाटला. मग तिथेच उभी राहिली. कान्हूने डोळे मिटून घेतले होते. बराच वेळ गेला, भिवराला काही झालं नाही, ती उभीच होती.

"लाकूड ओलं होतं," तिने सांगितलं. "वेळ नव्हता. मी एकाच वेळी जाड थर दिला आणि धगीवर वरून सुकवला. आतली ओल तशीच राहिली. घामाने ती बाहेर आली."

वरवाडीच्या पाटलांचा संताप झाला. "आणि हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"माहीत असून देवीसमोर ठेवलीस? माणसं मेली असती आज."

"हो, पाटील. सांगायला मी कालच यायला हवं होतं."

गड्यांनी गुरवाचे हात सोडले. म्हातारा पायरीवर बसला आणि दोराने लाल झालेली मनगटं चोळत म्हणाला, "बाई, आणखी थोडा उशीर केला असतास, तर मलाच वाटायला लागलं असतं की मीच काहीतरी केलंय."

तळवाडीचे पाटील हात धुऊन आले. "आता पुढे काय?"

"दुसरी लेखणी आहे ना," वरवाडीचे पाटील म्हणाले. "दोघं तिनेच काढू निशाणी आणि मोकळे होऊ."

"नको," तळवाडीचे पाटील म्हणाले. "एक तुमची, एक आमची, असं ठरलंय. आमची इथेच होऊ दे. आमच्या डोळ्यांदेखत. किती वेळ लागेल, बाई?"

"लाकूड सुकेल तेव्हा," भिवरा म्हणाली. या वेळी तिने कोणाच्याही तोंडाकडे पाहिलं नाही. "त्याआधीची वेळ मी सांगणार नाही."

देवळाच्या ओवरीत तिने बस्तान मांडलं. पहिला थर खरवडून काढला, लेखणी उघडी केली आणि वाऱ्याला टांगली. कोणी काही फासू नये म्हणून तिच्याजवळ दोन्ही गावांचा एकेक माणूस बसू लागला. आधी ते पाठीला पाठ लावून बसत. मग उन्हाचा कंटाळा आला, तंबाखूची देवघेव झाली. निशाणी होण्याआधी माळ सोडून उठायचं कोणी, या ईर्ष्येने दोन्ही पाटील माळावरच मुक्कामाला राहिले. चुली पेटल्या. लेकींना आया भेटल्या.

आणि बोलणीही निघाली, कराराच्या वाचनात न निघालेली. पाटात मेलेल्या शेतकऱ्याची विधवा राही एका सकाळी सरळ वरवाडीच्या पाटलांसमोर येऊन उभी राहिली.

"पाण्याच्या पाळ्या सगळ्या लिहिल्यात," ती म्हणाली. "माझा माणूस मेला, ते कुठेच नाही. माझ्या शेताचं दार वेळेवर कोण उघडायचं? ते तो करायचा."

तेवढ्यात हात गेलेला वरवाडीचा गडी मागून म्हणाला, "मी उघडत जाईन. दार उघडायला एक हात पुरतो." मग जरा थांबून म्हणाला, "पण माझी नांगरट कोण करणार, तेही एकदा ठरवा."

त्या दिवशी माळावर पुष्कळ भांडण झालं. आवाज चढले, जुनं सगळं उकरून निघालं, एकदा तर दोन गडी अंगावर धावूनही गेले. पण कुऱ्हाडीला कोणी हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत करारात नवी कलमं चढली. राहीच्या शेताचं पाणी वरवाडीने सांभाळायचं. हात गेलेल्या गड्याची नांगरट तळवाडीने करून द्यायची. आणि मेलेल्याचं नाव कराराच्या पहिल्या ओळीत घ्यायचं.

तोवर लाकूड सुकलं होतं. भिवराने पहिला पातळ हात दिला. तो वाळू दिला, घासला, दुसरा दिला. कोणी घाई केली नाही. लेखणी पूर्ण झाली तेव्हा ती फार चमकत नव्हती. एखाद्या जुन्या वापरातल्या वस्तूसारखी दिसत होती.

पुन्हा सगळे देवीसमोर जमले. कारागिरांना द्यायची म्हणून आणलेली साडीचोळी वरवाडीच्या पाटलांनी बाजूला ठेवली, भिवराला दिली नाही. तिला ते लागलं.

ऊन तसंच होतं. करार आता पहिल्यापेक्षा लांब झाला होता, वाचायला जास्त वेळ लागला. तळवाडीच्या पाटलांनी सगळा वेळ लेखणी मुठीत आवळून धरली होती. वाचन संपलं तशी त्यांनी मूठ उघडली. सगळा माळ त्यांच्या तळव्याकडे पाहत होता.

तळवा कोरडा होता.

पाटलांनी लेखणी शाईत बुडवली आणि सावकाश, एकही रेघ न तुटता, आपला नांगर काढला.

या गोष्टीचं तात्पर्य असं: आतली ओल जाड लेपाखाली झाकता येते, सुकवता येत नाही, तिला उघडं करून वेळ द्यावा लागतो, मग ते लाकूड असो की माणसाचं मन.