पालासुराचे गुण

सांगलीत सिनेमातल्या पात्रांच्या खेळण्यांचे प्रदर्शन होते. परीक्षक नरहर टिकेकर भिंग लावून, परीक्षेला बसल्यासारख्या चेहऱ्याने, प्रत्येक वस्तू तपासत. चारी बाजूंनी बंद, कधीच न उघडलेले खोके आले की दहापैकी दहा गुण आणि टेबलावर जागा.

नऊ वर्षांच्या ऋजुताने आपला पालासुर पुढे केला. सिनेमातला हा पालीच्या तोंडाचा खलनायक चार महिने इस्पितळात तिच्या उशाशी होता. तिने मुके घेऊन घेऊन त्याच्या नाकाचा हिरवा रंग उडाला होता.

"नाक झिजलंय, खोकं नाही. शून्य. टेबलावर ठेवता येणार नाही."

ऋजुताने पालासुराच्या कानांवर हात ठेवले.

तिची आई क्षमा शांतपणे म्हणाली, "साहेब, त्या दहा गुणांच्या खोक्यातलं खेळणं तुम्ही पाहिलंत?"

"छे! उघडलं की मोल जातं."

"म्हणजे ते गुण खोक्याचे झाले. खेळणं तर आज हे एकच आलंय. पहिला नंबर कोणाला देणार?"

टिकेकरांनी भिंग खाली ठेवले. दोन खोकी सरकवून मधे जागा केली आणि ऋजुताला विचारले, "झोपवू का याला?"

"नको काका, उभा करा. खूप दिवस झोपून होता तो."