केरबाचा घास

"म्हंजी सटवाजी बंदूकवाले ते तुमीच?"

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. चुलीपुढं उकिडवा बसून तो फुंकणीनं विस्तव फुलवत होता. फुंकणी त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. धुरानं डोळे गळत होते, नाक गळत होतं, आणि चुलीवरच्या इवल्याशा पातेल्यात भात शिजत होता.

"तुमालाच इचारतोय, बाबा."

"भात होऊ दे."

लिंबाजी ताटकळला. त्याला ताटकळायची सवय नव्हती. गावात तो आला की लोक घाईघाईनं घोंगडी टाकत. निदान कमरेला पिस्तूल आल्यापासून तरी टाकत. इथं बालाघाटाच्या डोंगरात, कोरड्या ओढ्याच्या काठी, या पडक्या खोपटापुढं त्याला कोणी बस म्हणेना.

त्याच्या मनातला सटवाजी असा नव्हताच. या नावानं एके काळी भरले बाजार ओस पडत. देशमुखांच्या भांडणात हा ज्याच्या बाजूनं उभा राही, त्याच्या शेताचा बांध पुढं सरके. 'सटवाजीची गोळी आधी, बोलणं मागून,' असं लोक अजून म्हणत. आणि समोर बसलं होतं ते पिचलेलं, वाकलेलं, शेंबूड पुसत भात शिजवणारं एक म्हातारं.

नाव मोठं आणि लक्षण खोटं, असं लिंबाजीला वाटलं. पण एवढा डोंगर चढून आलोच आहोत, तर हत्यार तरी बघून जावं.

"बंदूक कुठाय तुमची?"

म्हाताऱ्यानं तोंडातली फुंकणी काढली आणि त्याच्यापुढं धरली.

फुंकणी कसली... बंदुकीची नळी होती ती. दस्ता नाही, चाप नाही, नुसती आखूड नळी. एक टोक काजळीनं काळं, दुसरं ओठांनी घासून गुळगुळीत झालेलं.

"लाकूड जळालं," म्हातारा म्हणाला. "लोखंड जळंना."

म्हाताऱ्यानं नळी परत तोंडाला लावली. लिंबाजीला ते बघवेना. बंदुकीचं तोंड माणसानं तोंडात धरलेलं चांगलं दिसत नाही.

"मला शिकवा," तो एकदम म्हणाला.

"काय?"

"तुमचा हात. समोरच्यानं डोळा मिटायच्या आत बार कसा काढायचा, ते. मल्हारी येत्या जत्रंला येणार हाय. त्यानं माझ्या थोरल्याला मारलं. भानुदासला. त्याचा बार आधी निघाला तर म्या गेलो, बाबा. माझा आधी निघाला पायजे."

"आई हाय?"

"हाय."

"काय म्हणती?"

"आईला काय इचारायचं त्यात?"

म्हातारा भात ढवळू लागला.

"आन आता इचारून बी उपेग न्हाई. थोरल्याच्या दहाव्याला शब्द दिलाय म्या. पिंडाम्होरं."

भात ढवळता ढवळता म्हातारा थांबला. त्यानं पहिल्यांदा पोराकडं नीट बघितलं.

"कावळा शिवला?"

"शिवंना! ऊन डोक्यावर आलं, सगळी बोलून बोलून दमली. चुलता म्हणाला, तुझ्या पोरांना उपाशी ठेवत न्हाई. वैनी काय बाय बोलली. कावळा झाडावरच. मग म्या म्होरं झालो आन वरडून सांगितलं, दादा, मल्हारीला जित्ता ठेवत न्हाई. तवा आला आन झप्पदिशी शिवला."

"तुझ्या आधी कोण बोलत होतं?"

"आई."

"काय?"

लिंबाजी अडखळला. गावात ही गोष्ट त्यानं पुष्कळदा सांगितली होती आणि ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आलेला पाहिला होता. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

"धाकल्याला, म्हंजी मला, जपीन, म्हणत होती. म्हणतच होती, तेवढ्यात म्या..."

"तेवढ्यात तू बोललास."

"व्हय."

"मग कावळा कुणाच्या शब्दाला आला?"

"माझ्या! दुसऱ्या कुणाच्या? तुमी बी काय इचारता!"

"असंल..." म्हातारा म्हणाला, आणि त्यानं पातेलं उतरवलं.

भात थोडा निवल्यावर त्यानं त्याचा गोळा वळला. हात भाजत असणार, पण तो सावकाशच वळत होता. मग ओढ्याच्या कडेला एका सपाट दगडावर तो पिंड ठेवून, थोडं पाणी सोडून, तो मागं सरला. समोरच्या बाभळीवर कावळे बसले होते. कावळ्याची जात कशी असते ते काय सांगावं? पोराच्या हातातली भाकरी पळवायलाही मागंपुढं बघत नाही. पण हे कावळे भाताकडं असे बघत बसले होते, जणू सगळे सोवळ्यात आहेत.

"आज अवस, व्हय?" लिंबाजी म्हणाला. "कुणाचा हा?"

"केरबाचा."

"तुमचा कोण?"

"कोणी न्हाई. म्या मारला त्याला."

आता लिंबाजी आपण होऊन खाली बसला. अखेर म्हातारं वळणावर आलं, असं त्याला वाटलं. "कसा मारला? सांगा की."

"देशमुखानं धाडलं होतं मला. रानाचा वाद. म्या गेलो तवा केरबा भाकरी करीत होता. एकला जीव. हाताला पीठ. म्या दारात हुबा बघून त्यानं हात वर केला आन म्हणाला, सटवाजी, जरा एवढं..."

"एवढं काय?"

"म्होरं बोललाच न्हाई."

"का?"

"माझी गोळी आधी."

लिंबाजी खुदकन हसला आणि त्यानं मांडीवर थाप मारली. हीच ती म्हण! लोक म्हणत होते ते खोटं नव्हतं तर.

म्हातारा हसला नाही. तो दगडाकडं बघत होता.

"त्याला पाणी द्यायला मागं कोणी न्हवतं," तो म्हणाला. "म्हणून म्या देतो. दर अवसेला. कावळा शिवत न्हाई. त्याचं काय राहिलं, ते कळलं तर शब्द देईन ना... तुझं रान राखतो म्हणालो. राखलं. तुझं कुत्रं सांभाळतो म्हणालो. ते म्हातारं होऊन माझ्या मांडीवर मेलं. देशमुखाला मारतो म्हणालो, तर त्यो आधीच खोकून खोकून मेला. मग म्हणालो, केरबा, म्याच मरतो."

"मग?"

"तरी न्हाई."

लिंबाजीला हे ऐकवेना. कीव आली, आणि कीव आली म्हणून रागही आला. एवढा नावाजलेला माणूस, आणि कावळ्यांची मनधरणी करत बसलाय.

"दर्भाचा कावळा करा की," तो म्हणाला. "आमच्याकडं भट करतो. शिववला का झालं मोकळं."

"गोळी दर्भाची न्हवती."

ऊन तापत चाललं. कावळे जागचे हलेनात. मल्हारीचा चेहरा लिंबाजीच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगायची सोय राहिली नव्हती. साऱ्या गावापुढं शब्द दिला होता.

"माझं काय ते बोला, बाबा. जत्रा तोंडावर आलीय."

"जत्रंला जाऊ नगंस."

"असं बोलू नका!"

"ऐकून तर घे. तुझी आई..."

"ऐकाया न्हाई आलो म्या! शिकाया आलोय!"

म्हातारा उठला, गुडघे धरत दगडापाशी गेला आणि त्यानं हात जोडले.

"केरबा," तो म्हणाला. "ह्या हातातली इद्या म्या कुणाला देत न्हाई. ह्या पोराला न्हाई. कुणालाच न्हाई. माझ्यासंगं तिची बी माती होईल."

बाभळीची फांदी हलली.

एक कावळा खाली आला. दगडाच्या कडेला बसला. मान वाकडी करून त्यानं आधी भाताकडं बघितलं, मग म्हाताऱ्याकडं.

जोडलेल्या हातांमागं म्हाताऱ्याचं तोंड लहान पोरासारखं उघडं पडलं होतं. कावळ्याकडं अशा डोळ्यांनी बघणारा माणूस लिंबाजीनं पूर्वी कधी पाहिला नव्हता.

कावळ्यानं एक उडी मारली. भात आता त्याच्या चोचीच्या टप्प्यात होता.

आणि लिंबाजीला सगळं एकदम समजलं. कावळा शिवला तर मेलेल्यानं शब्द घेतला. मेलेल्यानं घेतलेला शब्द कोणी मोडत नाही. तो स्वतःच अशा शब्दाला बांधला गेला होता, त्याला कुणी सांगायला नको होतं. म्हणजे म्हातारा शिकवणार नाही. म्हणजे जत्रा, म्हणजे मल्हारी, म्हणजे आपण मातीत.

हात कमरेला कधी गेला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

बार झाला.

कावळा आणि भात दोन्ही उधळले.

"बघितलंत?" लिंबाजी ओरडला. त्याचा आवाज चिरकला होता. "उडायच्या आत! चोच टेकायच्या आत! केरबानं शब्द घेतला न्हाई, बाबा. तुमी मोकळे झालात. आता शिकवा!"

म्हाताऱ्यानं कावळा उचलला. त्याचे पंख नीट मिटवले आणि त्याला बाभळीच्या सावलीत ठेवलं. मग परत येऊन तो सांडलेला भात वेचू लागला. शितं लाल झाली होती. तरी तो एकेक शीत वेचत होता.

तेवढ्यात कालवा सुरू झाला. दरीतून, डोंगरातून, कुठून कुठून कावळे आले. आभाळ काळं झालं. कावळा डूख धरतो म्हणतात. ते लिंबाजीच्या डोक्यावर घिरट्या घालत होते, ओरडत होते, पण भाताकडं एकही वळला नाही.

लिंबाजी पिस्तूल कमरेला खोचू लागला. जाईना. परत खोचू लागला. हात एवढा थरथरत होता की नळी धोतराच्या गाठीवर आपटत राहिली. आजपर्यंत त्यानं मडकी फोडली होती, नारळ उडवले होते, आणि गावात भलतंच काहीबाही सांगितलं होतं. जिवंत असं काही त्याच्या हातून मेलं ते आजच. केवढासा जीव. चोच उघडी राहिली होती, काही म्हणता म्हणता राहून गेल्यासारखी.

"बाबा..." तो म्हणाला. हा आवाज मघाचा नव्हता. "हात थांबंना. किती वेळानं थांबतो?"

म्हाताऱ्यानं वेचलेला भात खाली ठेवला आणि आपला उजवा हात त्याच्यापुढं उघडा धरला.

तो हात थरथरत होता.

लिंबाजी बघत राहिला. मघाशी फुंकणी दोन्ही हातांनी का धरली होती, ते त्याला आता कळलं. वर कावळे ओरडतच होते.

"आन जत्रा?" त्यानं कसंबसं विचारलं. "मल्हारीचं काय, बाबा? म्या आता काय करू?"

म्हातारा चुलीपाशी गेला. विस्तव विझत आला होता. त्यानं पातेल्यात मूठभर तांदूळ टाकले, पाणी ओतलं, आणि ती नळी उचलून लिंबाजीच्या थरथरत्या हातात दिली. लोखंड अजून गरम होतं.

"चूल पेटीव," तो म्हणाला. "केरबा उपाशीच हाय."